उत्तर घरून लिहून आणावे

रविवार, २६ नोव्हेंबर १९७२

दुपारचे सव्वाचार. शाळेच्या व्हरांड्यात बसून या वहीला समास आखत होतो. घड्याळ वडिलांचे आहे, दिवसाला चार मिनिटे मागे पडते, ती धरून सव्वाचार. सतरा पाने आखून झाली तेव्हा गुरुजी म्हणाले, "वही आखायला दिलेली नाही, लिहायला दिली आहे." म्हणून लिहितो. ही त्यांनी दिलेली तिसरी वही. किंमत विचारली, त्यांनी सांगितली नाही.

रंगनाथ गुरुजी आमच्या शाळेतून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. एकटेच राहतात. पत्नी सुमनबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या, मुलगी नगरला दिलेली आहे. दिवाळीनंतर त्यांनी दर रविवारी तीन वाजता शाळेत चर्चा सुरू केली. रविवारी पाझर तलावाच्या दुष्काळी कामाला सुट्टी असते. येणारे आम्ही चौघे. मी, कामावर हजेरी मांडतो. मच्छिंद्र शिंपी, यंदा कोणी कपडे शिवत नाही म्हणून तोही खडी फोडायला येतो. भीमा, बौद्धवस्तीतला, मॅट्रिक झालेला. तो टिकाव मारतो आणि आठवीत शाळा सोडलेला मी त्याची हजेरी मांडतो, याबद्दल आम्ही दोघे कधी बोलत नाही. चौथी राहीबाई. तिला लिहिता येत नाही. शाळेत सावली आहे म्हणून येते, असे ती स्वतःच सांगते.

पाण्याचा माठ एक आणि पेला एक, हा गुरुजींचा पहिला नियम. त्यामुळेच पाचवा कोणी येत नाही.

दुसरा नियम असा की गुरुजींनी प्रश्न विचारला की त्या दिवशी कोणी उत्तर द्यायचे नाही. तोंडावर आलेले उत्तर आपले नसते, ऐकलेले असते, असे ते म्हणतात. प्रश्न घरी न्यायचा, आठवडाभर जवळ बाळगायचा आणि एक पान लिहून आणायचे. वाचून झाल्यावर बाकीच्यांनी फक्त "कशावरून?" एवढेच विचारायचे. राहीबाईचे पान ती सांगेल तसे मी उतरवून घेतो.

आजचा प्रश्न: दगड आणि माणूस यांत फरक कोणता?

रविवार, ३ डिसेंबर

माझे पान दीड पान झाले. माणसाला जाणीव असते, दगडाला नसते, असे लिहिले होते. भीमाने विचारले, कशावरून? दगडाला विचारलेस का? 

मच्छिंद्रने लिहून आणले होते की दगडाची हजेरी लागत नाही. यावर सगळे हसले, गुरुजीही. राहीबाईचे पान मी वाचले: "दगड फुटायला किती घाव लागतील ते आदी सांगता येतं. मानसाचं न्हाई सांगता येत." गुरुजींनी डोळे मिटून ऐकले.

माझ्या पानावर त्यांनी तांबड्या पेन्सिलीने दहापैकी सात लिहिले. शुद्धलेखनाची चूक नाही, असा शेराही मारला. पान जपून ठेवले आहे.

रविवार, १० डिसेंबर

आज गुरुजींनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. दगड आणि माणूस. मच्छिंद्रने मला कोपराने ढोसले. बाहेर आल्यावर भीमा म्हणाला, आपण नीट विचार केलेला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा दिला असेल. मला हे पटले. मागच्या रविवारी मी घाईच केली होती.

गुरुजींनी मागचे पान पुन्हा मागितले. पुन्हा वाचले आणि दहापैकी चार लिहिले. सात शेजारीच होते, ते खोडले नाहीत. घरी येताना विचार केला, तेव्हा उमगले की पान तेच राहिले तरी वाचणारा आठवड्याने मोठा झालेला असतो. हे त्यांनी न सांगता शिकवले.

मंगळवार, १९ डिसेंबर

कामावर एका बाईच्या बोटावर दगड पडला. दोन पेरे गेली. मुकादम म्हणाला, अर्धा दिवस मांड. मी अर्धा दिवस मांडला. तिने उजव्या हाताने कामावर मिळणारी सुकडी घेतली आणि घरी गेली. मला काही वाटले नाही. वाटायला हवे होते हे कळत होते. वडील गेले तेव्हाही असेच झाले होते. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो.

रविवार नसता तर मला एक दिवस दुसऱ्यापासून वेगळा ओळखता आला नसता.

रविवार, २४ डिसेंबर

गुरुजी चार वाजून वीस मिनिटांनी आले. ते कधी उशिरा येत नाहीत. सदरा उलटा घातला होता. खुर्चीवर बसले, आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "आज कोणता वार आहे?"

भीमाने तोंड उघडले होते. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. नियम आहे. तोही उमजला आणि गप्प बसला. गुरुजी वाट पाहत राहिले. त्यांनी पुन्हा विचारले, "वार कोणता?" आम्ही वह्या उघडल्या आणि प्रश्न उतरवून घेतला. मग ते खिडकीतून मैदानाकडे पाहत बसले.

आज कोणता वार? किती साधा वाटतो. पण वार कोणी ठरवले? आजचा दिवस आज आहे हे दिवसाला ठाऊक असते का? असे प्रश्न मोठ्या शहरात, कॉलेजात विचारत असतील. आमच्याकडे पिण्याला पाणी बैलगाडीने येते, पण हा प्रश्न आला.

राहीबाईने जाताना विचारले, मास्तरांचा सदरा कुनी बघितला का? मी म्हणालो, मावशी, ते विचारात होते.

रविवार, ७ जानेवारी १९७३

मागच्या रविवारी गुरुजी आलेच नाहीत, त्यामुळे पाने आज वाचली. माझी तीन पाने झाली. काळ वाहतो असे आपण म्हणतो, पण तो उभा आहे आणि आपण हजेरी लावून पुढे जातो, असे मांडले होते. भीमाने तीनदा कशावरून विचारले आणि मी तिन्ही वेळा टिकलो.

राहीबाई सांगायला बसली तेव्हाच अडचण झाली होती. ती म्हणाली, "लिव. त्या दिवशी रईवार हुता." मी म्हणालो, पुढे? ती म्हणाली, "पुढं सोमवार." मी पुष्कळ समजावले. तिने काही वाढवले नाही. पान अगदी रिकामे दिसत होते म्हणून मी पदरची दोन वाक्ये घातली. ती मात्र वाचली नाहीत, कारण ती तिची नव्हती.

"त्या दिवशी रविवार होता," एवढेच वाचले.

गुरुजी म्हणाले, "बरोबर."

गुरुजी आजवर कोणालाही बरोबर म्हणाले नव्हते. माझ्या तीन पानांनाही म्हणाले नाहीत. पुन्हा म्हणाले, "बरोबर. रविवार," आणि राहीबाईकडे पाहून त्यांनी हात जोडले. मला वाईट वाटले. ते मनातच ठेवले, इथे लिहितो.

रविवार, १४ जानेवारी

संक्रांत. चर्चा नव्हती. तीळ मिळाले नाहीत. गुळाचा खडा कागदात बांधून गुरुजींच्या घरी गेलो. सकाळचे दहा. दार त्यांनीच उघडले. मी नमस्कार केला, गूळ हातावर ठेवला. त्यांनी आधी गुळाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि शांतपणे विचारले, "तू कोण?"

एवढा मोठा प्रश्न त्यांनी मला एकट्याला विचारला. बाकीच्या तिघांना नाही. मी काही बोललो नाही. पुन्हा नमस्कार केला आणि मागे फिरलो. वळणावरून पाहिले तर ते दारातच उभे होते. मूठ मिटलेली, गूळ तसाच.

आल्यापासून लिहितो आहे. नाव काढले, जात काढली, गाव काढले, कामावरचे मस्टर काढले. उरते काय? दुपारी जेवलो नाही.

रविवार, २१ जानेवारी

"मी कोण?" वाचून दाखवले. साडेतीन पाने. शेवटी असे लिहिले होते की सगळे काढल्यावर जो उरतो तो फक्त पाहणारा, आणि तो काही करत नाही, त्याला काही वाटत नाही. भीमाने कशावरून विचारले नाही. 

गुरुजी म्हणाले, "छान वाचतो. मुलगा कोणाचा?"

मच्छिंद्र मोठ्याने हसला. "हजेरीसाहेब, घ्या, अजून एक पान लिवा." राहीबाई हसली नाही.

सुटल्यावर तिने मला बाभळीखाली थांबवले. म्हणाली, मास्तरांकडं जाऊन आले, चूल तीन दिसांची थंड हाय. पिठाच्या डब्यात चष्मा सापडला. मी म्हणालो, विचार करणाऱ्या माणसांचे असेच असते. तेव्हा ती म्हणाली, "कानिफा, माझी सासू अशीच झाल्ती. मास्तर इसरायला लागल्यात. तुमाला दिसत न्हाई, का बघायचं न्हाई?"

मी तिला सांगितले की तिला चर्चेची रीत कळलेली नाही. मी आवाज चढवला नव्हता. ती डोक्यावरचा पदर नीट करून गेली.

सोमवार, २२ जानेवारी

संध्याकाळी मस्टर तपासताना दिसले की राहीबाईच्या नावापुढे आज हजेरी मांडायची राहिली. ती दिवसभर माझ्यापासून वीस पावलांवर पाट्या वाहत होती. माझ्या हातून अशी चूक कधी होत नाही. लगेच मांडली. तिला सांगितले नाही.

रविवार, ४ फेब्रुवारी

आज गुरुजी वेळेवर आले. सदरा सरळ होता. मी राहीबाईकडे पाहिले, दिसले ना अशा अर्थी. तिने मान वळवली.

गुरुजी बसले नाहीत. दारातून आत पाहिले, फळ्यामागे पाहिले. मग आमच्यासमोर येऊन म्हणाले, "सुमन कुठे गेली?"

कोणी हलले नाही. भीमाने खाली पाहिले.  सुमनबाईंच्या मयताला आम्ही सगळे होतो. मडके मीच धरले होते.

"इथेच होती," गुरुजी म्हणाले. "सांगा ना. कुठे गेली?" ते एकेकासमोर थांबून विचारू लागले. आधी भीमा, मग मच्छिंद्र, मग मी. माझ्यासमोर जास्त थांबले. त्यांच्या तोंडाला भुकेल्या पोटाचा वास येत होता. मी वही उघडली. राहीबाई उठायला लागली तेव्हा मी हळू आवाजात म्हणालो, "मावशी, आज नाही. पुढच्या रविवारी." ती पुन्हा खाली बसली.

ती खाली बसली. हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबलो होतो.

गुरुजी म्हणाले, "बरं, मीच बघतो," आणि गेले. नंतर ठरले की हाच प्रश्न. मेलेला माणूस कुठे जातो? यापुढे आणखी मोठा प्रश्न नसेल.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

गुरुजी सापडले. काय झाले ते क्रमाने लिहितो.

रविवारी शाळेतून ते घरी गेलेच नाहीत. काल सकाळी राहीबाई भाकरी घेऊन गेली तर दाराला बाहेरून कडी होती. तिने कामावर येऊन सांगितले. मी म्हणालो, नगरला गेले असतील. मुकादमाला न विचारता ती आणि भीमा निघाले. मी दोघांची गैरहजेरी मांडली, कारण ते हजर नव्हते.

आज अकरा वाजता भीमा त्यांना बैलगाडीतून घेऊन आला. सुमनबाईंच्या माहेरच्या वाटेवर, इथून नऊ मैलांवर, ओढ्यावरच्या फरशीच्या कडेला उन्हात बसले होते. पायात काही नव्हते. दोन्ही तळव्यांची कातडी निघाली आहे. वाटेत भेटेल त्याला ते विचारत होते, सुमन इकडून गेली का. लोक सांगत होते, बाबा, न्हाई पाहिली. म्हणून ते पुढे पुढे जात राहिले.

भीमा मला म्हणाला, "रईवारी आपल्यातला एकजन बोलला असता, त्या वारल्या म्हनून, तर मानूस रडला असता आन् घरी गेला असता." तो रागावलेला नव्हता. हातपाय धुवून लगेच कामाला लागला. मी त्याची अर्ध्या दिवसाची हजेरी मांडली. मग खोडून पूर्ण मांडली. आजवर मी मस्टरमध्ये खोडाखोड केलेली नाही.

माझे पान तयार होते. मृत्यूनंतर काय, दोन्ही बाजूंनी. अक्षर चांगले आले आहे.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

जुन्या नोंदी वाचल्या. ३ डिसेंबर, १० डिसेंबर, २४ डिसेंबर, १४ जानेवारी. सगळे लिहिलेले आहे. तारीख आहे, वेळ आहे, सदरा आहे, गुळाचा खडासुद्धा आहे. मीच लिहिले आहे. एक गोष्ट सुटलेली नाही. आणि मला काहीच दिसले नव्हते.

गुरुजींची मुलगी विजयमाला, तिला पत्र टाकले. चार ओळी. "गुरुजींची स्मृती जाऊ लागली आहे. त्यांना एकटे ठेवता येणार नाही. आपण सांगाल त्या दिवशी घेऊन येतो. उशिरा कळवल्याबद्दल क्षमा असावी." पहिल्यांदा दोन पाने झाली होती, ती फाडली.

राहीबाई दोन्ही वेळा त्यांच्याकडे जाते, भाकरी कुस्करून देते. ते विचारतात, ती सांगते. आज मी उंबऱ्याबाहेर उभा राहून ऐकले. "सुमन कुठे आहे?" "वारल्या त्या, गुरुजी. दोन वरसं झाली." ते रडले. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारले. दुसऱ्यांदा तिने सांगितले, "माहेरी गेल्यात. येतील." तेव्हा ते जेवले.

बाहेर आल्यावर मी विचारले, यातले बरोबर कोणते? ती म्हणाली, "आता ते बी घरून लिवून आनू का?" आणि मग, "पयलं खरं हुतं. दुसऱ्यानं ते जेवले."

शनिवार, १७ फेब्रुवारी

विजयमालाताईंचे उत्तर आले. उद्याच आणा. मच्छिंद्रने गुरुजींचा सदरा घरी नेऊन आतल्या बाजूला कापडाची पट्टी शिवून दिली. पट्टीवर नाव आणि नगरचा पत्ता मी शाईच्या पेन्सिलीने लिहिला. तो म्हणाला, "यंदाच्या सालात ही पयली शिलाई. पैसे न्हाई घेनार." त्याने आज एकही चेष्टा केली नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी

सकाळी सात दहाची एस.टी. पारनेरला गाडी बदलली. नगरला बारा वाजता पोचलो.

तळवे अजून भरलेले नाहीत, म्हणून भीमाने त्यांना पाठुंगळी घेऊन गाडीत बसवले. खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी सुटली तेव्हा खाली राहीबाई, भीमा आणि मच्छिंद्र उभे होते. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहून विचारले, "ही मंडळी कोण?" मी लगेच सांगितले. तिघांची नावे सांगितली.

पुढे ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिलो. कुठे चाललो? नगरला, विजयमालाताईंकडे. आज कोणता वार? रविवार. पाऊस झाला का? नाही झाला. मागच्या बाकावरचा एक माणूस कंटाळून म्हणाला, पोरा, किती वेळा सांगशील. मी मोजत होतो. नगरपर्यंत कुठे चाललो हे एकवीस वेळा, वार नऊ वेळा, आणि "तू कोण?" अकरा वेळा.

पहिल्यांदा "तू कोण?" विचारले तेव्हा जुन्या सवयीने मी गप्प झालो होतो. त्यांची नजर संक्रांतीच्या दिवशी होती तशीच होती. मग म्हणालो, "मी कानिफनाथ. सहादूचा मुलगा. तुमच्या वर्गात होतो. आठवीत शाळा सोडली."

"का सोडलीस?"

"वडील गेले."

"अरेरे," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कधी?"

"सहा वर्षे झाली."

दहा मिनिटांनी पुन्हा, तू कोण. पुन्हा सगळे सांगितले. प्रत्येक वेळी त्यांना ते नवे होते. प्रत्येक वेळी अरेरे म्हणाले, प्रत्येक वेळी हात ठेवला. सातव्या वेळी "वडील गेले" म्हणताना मला मध्येच थांबावे लागले. सुप्याच्या पुढे असू.  ते हात तसाच ठेवून बसले.  नंतर आठव्यांदा सांगताना जमले.

विजयमालाताईंनी दारातच त्यांना धरले. गुरुजींनी ताईंना सुमन म्हटले. ताईंनी ओ दिली.

निघताना मी गुरुजींच्या पाया पडलो. त्यांनी विचारले, "मुलगा कोणाचा?" मी उत्तर दिले. ते बारावे.

ताई भाड्याचे पैसे देत होत्या, घेतले नाहीत.

खर्च: गाव ते पारनेर, दोन तिकिटे, १.२०. पारनेर ते नगर, दोन तिकिटे, ३.१०. चहा दोन कप, ०.४०. केळी चार, ०.४० (तीन त्यांनी खाल्ली). परतीची माझी दोन तिकिटे, २.१५. एकूण ७.२५. जवळ होते ५.२५.

देणे: राहीबाईचे २.००, शनिवारी पगार झाला की.

वह्या तीन, गुरुजींनी दिलेल्या. किंमत माहीत नाही. आज विचारायचे ठरवले होते, विचारले नाही. त्यांना आता आठवणार नाही. हा रकाना मोकळा ठेवतो.